पोलादपूरच्या एस्टीचा हॉर्न

मला मीटरबिटरचं कौतुक सांगू नका राव. मोबाइल वाड्यांवर पोचायच्या आधी, मी टेलिफोनात होतो, तेव्हा पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका काकींकडे बिनतारी फोन बसवायला गेलो होतो. त्यांच्या मुलीचे मुंबईत दिवस भरलेले, म्हणून घाई. टॉवर पोलादपूरला आणि मध्ये डोंगर. छपरावर चढून दोन तास अँटेना फिरवली, पण मीटरचा काटा हलेना. शेवटी म्हणालो, "काकी, इथे रेंजच नाही."

काकी अंगणात वालाच्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्या फणसाच्या अंगाला फिरव रे."

"अहो, पोलादपूर या बाजूला. तिकडे तर उलट दिशेचा डोंगरच आहे!"

"हाय ना. पण पोलादपूरवरनं एस्टी सुटली की हॉर्न तिकडनंच येतो. तो ऐकून मी चपला घालते. आजवर गाडी चुकली नाय."

त्यांचं मन राखायला फिरवली. मीटरचा काटा उभा राहिला आणि माझ्या अंगावरचाही! हॉर्नसारखीच रेंजही त्या डोंगरावर आपटून परत येत होती. तेवढ्यात फोन वाजला. नंबर आधीच कळवलेला, जावई सकाळपासून तो फिरवत होता. काकींना नात झाली होती.

त्यानंतर कुठल्याही वाडीत गेलो की मीटर पिशवीतच ठेवायचो. आधी विचारायचो, "काकी, एस्टीचा हॉर्न कुठून ऐकू येतो?"