भाजलेल्या तोंडाची साक्ष

मी मूळची गारगोटीकडची, नाव एस्तेर, आज्याच्या काळापास्नं आमी ख्रिस्ती. लगीन होऊन कोल्हापुरात आले, शिवाजी पेठेत भज्याचा गाडा टाकला, आन् काय सांगू तुमाला पावणं, फुटबॉलची मॅच सुटली की माझ्या गाड्यावर नुसती झुंबड! जिभंला बी धार हुतीच की, शिळी हैत का म्हणणाऱ्याची मी अशी खरडपट्टी काढायची की अख्खी गल्ली हसायची.

त्याच गाड्यावर एक दिवस शेगडी कलंडली आन् उकळत्या तेलाची कढई माझ्या अंगावर आली. डावा गाल, कान, मान, समदं भाजलं. जीव वाचला, पर तवापास्नं पदर जो तोंडावर घेतला तो घेतलाच. नवरा म्हणायचा, अगं घरात तरी काढ. मी म्हणायची, गप बसा तुमी.

आता आमच्या मंडळीत, म्हंजी चर्चमधी, रीत हाय, कुणाला बरं वाटलं की उपासनेत उभं ऱ्हाऊन साक्ष द्यायची, प्रभूनं माझ्यासाठी काय केलं ते सांगायचं. कुणाचा ताप उतरला, कुणाला पोर झालं, समदी आमेन म्हणायची, आन् मी मागच्या बाकावर पदराआड दात खात बसायची. माझी कसली साक्ष? प्रार्थना करकरून थकले, कातडी तशीच. देवासंगं भांडायची मी, खरंच भांडायची.

मग एक दिवस शेजारची हसीनाभाभी रडतच दारात आली. सून रेहाना घरात गॅसनं भाजलीय, तोंड गेलंय, दवाखान्यात भिंतीकडं तोंड करून पडलीय, पोटात घोटभर पाणी घेईना, डागदर म्हणत्यात असंच चाललं तर हाताला लागायची न्हाय. तू चल एस्तेर, तुझ्या देवाला सांग. मनात म्हंटलं, माझं तरी कुठं ऐकलंय त्येनं? पर गेले.

आमी डोक्यावर हात ठिवून प्रार्थना करतो. आन् तिथं डोकं समदं पट्ट्यांत, हात ठिवाया जागाच न्हवती हो! माझा हात आपसूक वर गेला, मी पदर मागं सारला. का सारला, मला आजबी ठाव न्हाय. म्हंटलं, रेहाना, इकडं बघ. ती वळली, बघतच ऱ्हायली. मग पट्टीतला हात उचलून माझ्या गालाला बोट लावलं आन् म्हणाली, चाची, आता दुखतं? म्हंटलं, न्हाय गं, थंडीत खाजतं तेवढं. ती म्हणाली, पाणी द्या.

मरणातनं उठलेल्या येशूच्या हातावर खिळ्याचं घाव तसंच हुतं, शिष्याला त्येनं ते दावलं, हे ल्हानपनापास्नं ऐकलेलं. ज्याला मरणातनं उठता येतं त्येला घाव बुजवाया येत नसतील व्हय? ठिवलं त्येनं. मला ते त्या खाटंपाशी कळलं, आन् मी रडले की हो, भाभीच्या गळ्यात पडून रडले.

रेहाना आता ल्येकीला शाळंत सोडाया जाती, उघड्या तोंडानं. आन् मी दर शुक्रवारी दवाखान्यात त्या भाजलेल्यांच्या वार्डात जाते, पेजेचा डबा घिऊन. भाजणं चांगलं असतंय असं कोण म्हणालं तर थोबाड रंगवीन त्येचं, तेल काय असतंय मला ठाव हाय. पर देवानं आज समोर येऊन इचारलं, एस्तेर, पुसू का गं डाग? तर म्हणीन, थांब की रं बाबा जरा, कोपऱ्यातल्या खाटंवर एक नवी आलीया, तिनं अजून मला बघितलं न्हाय.