बासचा काठ

बुऱ्हाणपूर स्टेशनवर खंडव्याच्या गाडीची वाट पाहत बसलेल्या शारदाला शेजारच्या जोडप्याचं बोलणं ऐकू येत होतं. त्यातल्या सात महिन्यांच्या गरोदर बाईच्या मांडीवर तिची स्वतःची बास गिटार होती.

“अहो, हे तुम्ही कापलं?”

“कापलं नाही. कानस घेऊन काठ थोडा घासला बस. तुझ्या पोटाला टोचायचा ना.”

“मला न विचारता?”

“तू नाही म्हटली असती, मंगला.”

“म्हटलंच असतं! आज प्रोग्राम आहे. आवाज बिघडला तर?”

“वाजवून तर पाहा.”

तिने जाड तार छेडली आणि एकदम थांबली.

“काय झालं? बिघडला का?”

“हात द्या इकडे. लाथ मारली त्याने.”

“हो गं! राग गेला ना मग?”

“नाही गेला. हात काढू नका.”