माह्या थराची जाडी

अबे, मले काय हसता, आधी आमच्या सरांचं ऐका. भौतिकशास्त्राचे डॉक्टर आहेत, बरं!

अकोल्यात तीन महिने खपून मी काचेवर एक थर चढवला, केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढा. तो मोजाले एसटीत काच ठेवलेला डबा मांडीवर धरून अमरावतीले सरांच्या लॅबमध्ये नेला. तिथल्या मशीनचा उजेड काचेच्या आतूनच परत फिरते. बाहेर जराकसाच डोकावते, अन् तेवढ्यावरूनच थराची जाडी सांगते.

काच मशीनवर लावली अन् चहाले गेलो. परत येतो तं सर हात पुसून राहिले. दसऱ्याची पूजा! मशीनले झेंडूचा हार, अन् माह्या काचेवर हळदीकुंकवाची पाच बोटं.

"सर, हे काय केलं?"

"काहून? जिथं काम चालते तिथंच पूजा करतेत."

"पण माहा थर गेला ना!"

"गेला कुठं? उलट वाढला. मोज."

मोजला. आकडाच येईना. म्हटलं, "सर, कुंकू लय जाड आहे. हा उजेड एवढा बाहेर जातच नाही."

सरांनी मशीनकडे नापास पोट्ट्याकडे पाहावं तसं पाहिलं. मग मोठ्या मनानं म्हणाले, "बरं, पुढच्या वर्षी पातळ लावू."