आमच्या पेटीतलं एक मत

(विक्रोळी, कन्नमवार नगर. नोव्हेंबर १९८९, रविवार सकाळ. शेवंती, तिची मुलगी अनुपमा, आणि गावच्या ग्रामस्थ मंडळाचे मुंबईतले सेक्रेटरी दत्ताराम.)

दत्ताराम : ...म्हणून म्हणतो वहिनी, काम सोपं आहे. स्टेजवर चढायचं, एक वाक्य बोलायचं, उतरायचं.

शेवंती : खोटं बोलायचं.

दत्ताराम : वाक्य बोलायचं.

शेवंती : भावोजी, पाच वर्षं तुम्ही या जिन्यावर पाय ठेवला नाहीत. माझा माणूस गेला, त्यानंतरही ठेवला नाहीत. आणि आज आलात ते काय सांगायला? की ते मत त्यांचंच होतं, असं मी माइकवर म्हणू?

दत्ताराम : मला हौस नाही. मंडळानं पाठवलं.

अनुपमा : थांब आई. काका, मला नीट सांगा. त्या एका मतापायी आम्हाला वाळीत टाकलंत. आता त्याच मतासाठी हार घालणार? लॉजिक काय यात?

दत्ताराम : लॉजिक नसतं पोरी, तिकीट असतं. आंबेरकर वकील चौऱ्याऐंशीला आपल्या विरोधात उभा होता. आता आपलं तिकीट घेऊन आलाय. आपला झाला.

शेवंती : त्याला वेशीवरून परत पाठवला होतात तुम्ही. शेणाच्या पाट्या देऊन बायका उभ्या केल्यात. मीही होते त्यात.

दत्ताराम : तेव्हा परका होता.

अनुपमा : आणि उद्या परत फिरला तर?

दत्ताराम : तर आपणही फिरू. बावन साली खोत सांगेल तिकडे मत. सत्तावनला गिरणीतली पोरं मुंबईहून गेली, खोताला झुगारून गाव समितीला दिलं. सत्याहत्तरला फिरलो, ऐंशीला परत आलो. पण फिरलो ते सगळे. देवळात नारळ ठेवून शपथ घ्यायची आणि मंडळ सांगेल तिकडे अख्खं गाव. म्हणून पुढारी आपल्या उंबऱ्यावर येतात. सुट्या मतांना कुत्रं विचारत नाही.

शेवंती : आणि नदीवरचा पूल?

दत्ताराम : होईल पूल.

शेवंती : हेच विचारलं होतं अनूच्या बाबांनी मीटिंगमध्ये. बावन सालापासून अख्खं गाव मत देतंय, पूल कुठाय? एवढंच बोलले. तेवढ्यावरून त्यांच्यावर संशय.

अनुपमा : पण मत गुप्त असतं ना? एक फुटलं ते कळलं कसं?

दत्ताराम : मत गुप्त, पेटी गुप्त नाही. आपल्या गावची पेटी एकच. मोजणीला आपला माणूस टेबलापाशी उभा. सगळे कागद आपले निघाले आणि एक वकिलाचा. तालुक्यात लोक हसले आपल्याला. मग मूर्तीला फुलं चिकटवून देवाला कौल लावला. फूल उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. सहदेवदादाचं नाव घेतलं आणि उजवं पडलं.

शेवंती : फुलं लावली कोणी? तुमच्या वडलांनी.

दत्ताराम : मानकरी तेच आहेत. दुसरं कोण लावणार?

शेवंती : मग ऐक अनू, काकांच्या तोंडावरच सांगते. मतदानाला गावी गेलो होतो, तेव्हा रांगेत मी यांच्या वडलांच्या, नानांच्या मागेच उभी होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. केंद्रावरचे मास्तर म्हणाले, आजोबा, सोबत माणूस घ्या. तर म्हणाले, मी काय आंधळा आहे? आत गेले, शिक्का मारला, घडी घातली आणि कागद खिडकीच्या गजातून बाहेर टाकायला लागले. मास्तरांनी हात धरून पेटीवर नेला. सगळी रांग हसली. ज्याला पेटी दिसली नाही त्याला चिन्ह दिसलं?

दत्ताराम : वहिनी, नानांचं नाव काढू नका.

शेवंती : चौऱ्याऐंशीला दिसत होतं नानांना?

दत्ताराम : चौऱ्याऐंशीला दिसत होतं.

अनुपमा : म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, काका.

दत्ताराम : सगळ्यांनाच ठाऊक होतं. घरी आल्या आल्या नानांनी आईला विचारलं, आपलं चिन्ह वरून दुसरं ना गो? आपलं तिसरं होतं, दुसरं वकिलाचं. पण तूच सांग मला, देव बोलतो तो नानांच्या हातानं. तो नानांकडे बोट दाखवेल कसा?

शेवंती : म्हणून माझ्या नवऱ्याकडे दाखवलं.

दत्ताराम : कोणाकडे तरी दाखवायला हवंच होतं. गाव समोर बसलं होतं.

शेवंती : किती शांतपणे सांगता हो तुम्ही. पुढच्याच गणपतीला गेलो आम्ही, तर आरतीला एक माणूस फिरकला नाही. विहिरीवर मी गेले की बायका कळश्या उचलून निघून जायच्या. त्या घोरातच ते तिथे वारले. भरल्या गावात खांद्याला माणूस मिळेना. नदीपलीकडच्या बौद्धवाडीतला दादू आला, त्याचा भाऊ आला, म्हातारा रतन आला. चौथा खांदा या पोरीनं दिला. अठरा वर्षांची होती. तुम्ही तुमच्या खळ्यात बसून बघत होतात.

दत्ताराम : बघत नव्हतो. पाठ करून बसलो होतो.

शेवंती : आता म्हणे गावात नऊ जण निघालेत, ते मत माझंच म्हणणारे. मेलं एक मत आणि नऊ धनी. त्यांतला एक न्या की स्टेजवर.

दत्ताराम : नेला असता. पण दुसरा उभा केला तर कौल खोटा पडतो. कौल खोटा तर नाना खोटे. मग उद्या गाव ऐकणार कोणाचं? आणि वकिलाला तो माणूस हवाच आहे. तालुक्याच्या सभेत बोललाय, त्या गावात माझा एकच माणूस आहे, पहिला हार त्याला घालीन. माणूस नाही, तर बायको चालेल म्हणाला.

शेवंती : मी नाही बोलणार. जाताना माझा हात धरून म्हणाले, शेवंते, मी शपथ मोडली नाही, गावाचं सोड, तू तरी मान. मी मानलं. त्यांचं दुसरं काय राहिलंय माझ्याकडे?

दत्ताराम : बरं. मग गोरेगावच्या लोकांना काय कळवू?

अनुपमा : त्यांचा काय संबंध इथे?

दत्ताराम : तुझ्या श्यामसुंदरचा बाप काल मंडळात येऊन बसला होता. मुलगी पसंत आहे म्हणाला. पण तुमच्या गावचा नारळ आल्याशिवाय साखरपुडा करणार नाही. वाळीतल्या घरची सून आणली तर त्याच्या मुलींना कोण करून घेईल? नारळ मंडळ देतं. मंडळाचं सध्या मीच बघतो.

शेवंती : पोरीवर जाऊ नका, भावोजी.

दत्ताराम : मी कुठे गेलो? तिचं लग्न कोणी अडवलंय ते तीच बघते आहे.

अनुपमा : आई.

शेवंती : तू मध्ये बोलू नकोस.

अनुपमा : बोलणार. खांदा मी दिलाय, मला हक्क आहे. म्हणून टाक ना ते वाक्य.

शेवंती : अनू...

अनुपमा : बाबा गेले. त्यांना काय फरक पडतो आता? श्यामच्या घरी मी गेले की त्याची आई मला जिन्यातच उभी करते. दोन वर्षं. पॅकिंगच्या कामाला माझ्या मागून लागलेल्या पोरींची बारशी झाली यार. बाबांचा शब्द मी किती दिवस सांभाळू? तू सांभाळलास, बरोबर आहे. तुला आधी नवरा मिळाला होता.

शेवंती : माझ्या तोंडानं त्यांना खोटं पाडू? तुझ्या बापाला?

अनुपमा : गावानं केव्हाच पाडलंय. तू एकटीच उरलीस मानणारी.

दत्ताराम : पोरगी शहाणी आहे.

अनुपमा : तुम्ही गप्प बसा, काका. तुमच्या बापाचं आंधळेपण झाकायला चाललोय आम्ही, तेवढं लक्षात ठेवा. वाक्य सांगा तिला.

दत्ताराम : ते एक मत माझ्या मालकांचं, सहदेवांचं होतं.

शेवंती : एक अट आहे माझी. नानांनी देवळात येऊन सांगायचं, चूक झाली.

दत्ताराम : नानांना खळ्यातून घरात आणायला माणूस लागतो हल्ली. देवळाची पायरी कुठे दिसणार त्यांना? ते सोडा. म्हणा.

शेवंती : ते एक मत माझ्या मालकांचं होतं.

दत्ताराम : सहदेवांचं म्हणा. नाव आलं पाहिजे.

शेवंती : मी त्यांचं नाव कधी घेतलं नाही तोंडानं. लग्नात घेतलं तेवढंच.

अनुपमा : घे आई. घे आता.

शेवंती : ते एक मत माझ्या मालकांचं, सहदेवांचं होतं.

दत्ताराम : छान. आणि त्याला जोडून, देवाचा कौल खरा होता.

शेवंती : हे नव्हतं ठरलं.

दत्ताराम : त्याशिवाय नाना नारळाला हात लावणार नाहीत. शनिवारी नाक्यावरून गावची गाडी सुटते. तुम्हा दोघींना पुढची सीट ठेवलीय.

अनुपमा : म्हण ना आई.

शेवंती : देवाचा कौल खरा होता.

दत्ताराम : झालं. मंडळाचा माणूस तुमच्या घरचं पाणी प्याला की वाळीत टाकणं संपलं. द्या घोटभर पाणी, वहिनी, तुमच्या हातानं.

शेवंती : अनू, तू दे. मला उठवत नाही.