इहिणीच्या घरची पाव्हणी

माहं माहेर सुलतानपूरचं अन् सासर धामणगाव बढ्याच्या पल्याड, नदीकाठचं. लगन होऊन आली तवापासून निंदणच केलं, काय सांगू तुम्हाले, बारा बाया माह्या हाताखाली, कोण्या बाईनं गवत सोडलं का मी तिले पिकाच्या तासातून परत फिरवत होती, म्हणून सारे मले मुकादमीन म्हणत. मालक लवकर गेले. एकच लेक, सुनिता, ती धामणगावले देल्ली. अशी मी, कोणाचं ऐकून न घेणारी, एका दिवसात बिनघराची झाली.

भरदुपारी नदी गावात शिरली वं माय. आम्ही बाया वरच्या वावरात, म्हणून वाचलो. खाली पाह्यतो तं सारी आळी पाण्यात, माह्या घराची एक मेढ तेवढी उभी. मंग सरकारनं शाळेत छावणी केली, जेवण, चादरी, समदं देल्लं, पण ताट धरून लायनीत उभं राह्याची मले लाज वाटली हो. तेवढ्यात लेकीची सासू, माही इहीण शांताबाई, ऑटो घेऊन आली. म्हणे चाल. मी म्हटलं अवं, लेकीच्या घरी राहणं शोभते का? ती म्हणे लेकीच्या नको राहू, माह्या घरी राह्य. आपली खाट मले देल्ली अन् आपण भुईवर झोपली, कंबर दुखते तिची तरी.

मंग पंधरा दिवसानं साहेब आले. छावणीतल्यायची नावं झाली होती, ज्यायचं घर गेलं त्यायले नव्या गावठाणात जागा अन् घरकुल भेटणार होतं, अन् जे बाहेर राह्यले त्यायले पाह्याले हे साहेब गावोगाव फिरून राह्यले होते, चांगला माणूस बिचारा. शांताबाईनं अंगणात खुर्ची टाकली, पोहे केले. साहेबानं मले इचारलं, बाई काही अडचण? मी तोंड उघडायच्या आंधीच इहीण म्हणे, अडचण कायची साहेब, आमच्या इहीणबाई पाव्हण्या हायत, जनमभर राह्यल्या तरी आमाले जड नाही. अन् म्या मुकादमीननं नंदीबैलावानी मान हालवली. तिच्याच अंगणात बसून कसं म्हणू का मले घर नाही? यादी लागली तं माहं नावच नाही. नातेवाइकाकडे कायमची सोय, असं लिवलेलं.

मी रडली नाही, भांडली. म्हटलं शांताबाई, तुह्या मोठेपणापायी माहं घर गेलं, एकडाव नदीनं नेलं अन् एकडाव तुनं. सकाळी ती चांगलं लुगडं नेसली, म्हणे चाल तालुक्याले.

कचेरीत ही गर्दी, सारे आमच्याच गावचे. साहेबानं ओळखलं, म्हणे तुम्हीच तं म्हटलं होतं पाव्हण्या हायत म्हणून. तशी शांताबाई मोठ्यानं बोलली, सारे वळून पाह्यतीन असं. खोटं बोलली साहेब मी, गोठ्यात ठेवली हाय इले, म्हशीपाशी, शिळंपाकं टाकतो, आता तेही होत नाही माह्यानं, तुमची बाई तुम्ही पाहा. मी बोलाले गेली तं असा चिमटा घेतला दंडाले, वळ उठला. साहेब तिच्याकडे पाह्यतच राह्यले. मंग हळूच म्हणे, बाई, घर गेल्याचा पंचनामा हाय, तेवढं पुरे होतं, कोणाकडे राह्यते हे आम्हीच इचाराले नव्हतं पाह्यजे. अन् नाव लिवलं.

पण लोकाइनं तं ऐकलं ना! आमच्या गावच्या बाया अजून म्हणतात, पाह्य वं, इहिणीले गोठ्यात ठेवणारी. मी भांडाले निघाली का शांताबाई म्हणे गुमान राह्य, घर उभं होऊ दे, नाही तं नाव कटीन. दोन वर्षं गुमान राह्यली मी. मी!

आठ दिवस झाले, नव्या घरावर टिनं चढले, चूल पेटली. आता कोण काटते नाव? म्हणून बोलावलं तुम्हा पेपरवाल्याले बाप्पा. माह्याबद्दल नका लिवू काही, निंदण काय, सारेच करतात. देव शांताबाईले औक्ष देवो, एवढं लिवा, अन् खाली मोठ्या अक्षरात लिवा का तिच्या घरी गोठाच नाही. म्हैस तं तिनं जनमात पाळली नाही.