पुनावळ्याची येसर आमटी

हॅलो?… कोण?… अगं अक्का, तू होय. नंबर ओळखीचा नव्हता म्हणून… सुनेच्या फोनवरून करायलीस. बोल की.

नाही गं, झोपले नव्हते. सकाळचे अकरा वाजलेत, आता कोण झोपतंय. मेथी निवडत बसलेय… हो, एकटीच. एकटीला किती लागते, पण जुडी काही अर्धी मिळत नाही.

कुठं?… इथं, पिंपरीला?… उद्याच?

बरं… बरं. योगाच्या वर्गातल्या बायका. तू धरून पाचजणी… उद्या सकाळी पोचायच्या आणि परवा रात्री परत अंबाजोगाई. चांगलंय की, फिरून या जरा.

वाकडला हॉटेल घेतलंय… हो, हो… मी कुठं काय म्हणाले? माझ्या दोनच खोल्या, पाचजणी झोपणार कुठं… नाही अक्का, वाईट नाही वाटलं. तुला वेळच नसणार यायला, तेही कळतं मला.

हां, म्हणजे कुठं काय खायचं ते विचारायला फोन केलास. मग तसं सरळ सांग ना. सव्वीस वर्षं झाली संत तुकाराम नगरात, तेवढं तर सांगता येईल मला.

लिहून घेतेस?… घे. सकाळी पोचलात की आधी पिंपरी कॅम्पात जा. दाल पकवान… पकवान गं. मैद्याची कडक पुरी असते, तिच्यावर हरभऱ्याची डाळ, कांदा, चिंचेचं पाणी. सिंधी लोकांचं आहे. दहाच्या आत जा, नंतर संपतं.

मिसळ खायची तर निगडीला. जाळ असते पण… कुणाला पित्त? हेडमास्तरीणबाईंना? मग त्यांना दही घ्यायला सांग, नाहीतर सगळा दिवस गाडीत कण्हत बसतील.

मस्तानी इथं नको. लक्ष्मी रोडला साड्या बघायला जाणारच ना तुम्ही, तिकडंच प्या… आणि चहा चाकणला, तळेगाव चौकात… नाही, नाही, ते खोड. तुम्हाला लई लांब पडेल. ह्यांची शिफ्ट सुटली की तिथं प्यायचे, म्हणून तोंडात आलं.

हो ना. हे जाऊन दोन वर्षं झाली. श्रावणात झाली.

परवा दुपारचं?… काय पाहिलंस?… व्हिडिओ? कुठला?

पुनावळ्याचं… हायवेवरनं आत, पत्र्याची शेड, बाहेर बाकडी टाकलीत… येसर आमटी आणि ज्वारीची भाकरी. हो. माहीत आहे.

ऐकायलेय की. बोल तू.

हो… हो… आपल्याकडच्यासारखीच दाट… आईच्या हातची आठवण आली म्हणतेस. येणारच. आईचीच आहे ती.

आईची म्हणजे आपल्या आईची. आईनं मला शिकवली, मी वर्षालीला शिकवली.

हो, वर्षाली. माझी वर्षाली. तिचंच हॉटेल आहे ते.

अक्का?… आहेस ना फोनवर?

चेहरा नाही दाखवला त्यात, नुसते भाकरी थापतानाचे हात दाखवलेत. शेजारच्या रोहिदासनं मला दाखवला, बघा काकू तुमच्याकडची आमटी म्हणून. मी हात बघितले आणि फोन त्याला परत दिला… तू नाही ओळखलेस? चार उन्हाळे तुझ्या घरी होती ती सुट्टीला. भाकरी थापायला तूच शिकवलीस की तिला. करंगळी वर धरून थापते, तुझ्यासारखी.

शोएब?… बायकोला सोडून तो कुठं जाईल, आहे की. देहूरोडचं गॅरेज आता भाऊ बघतो. हा सकाळी बाजार आणतो, गिऱ्हाईक बघतो, भांडीसुद्धा घासताना बघितलंय मी त्याला. आणि येसराची धान्यं, डाळी, मसाले भाजून दळते त्याची आई, झुलेखाबाई… हो अक्का, त्यांच्या हातचा. व्हिडिओ बघून तुझ्या तोंडाला पाणी सुटलं ना, तो येसर त्यांनी भाजलाय.

मी जाते. दर गुरुवारी… सहा महिने झाले. डांगे चौकात बस बदलायची आणि जायचं.

नाही, बोलत नाही. माझ्याशी तरी नाही. जवळ येऊन विचारते, "मावशी, काय देऊ?" सगळ्या बायकांना विचारते तसं. मी म्हणते, आमटी-भाकरी. ती ताट ठेवते, पाणी ठेवते, पुढच्या बाकड्याकडं जाते… मावशी तिची तू, आणि म्हणते मला.

कशाला जाते म्हणजे? पहिल्यांदा भांडायला गेले होते. भरल्या हॉटेलात विचारणार होते, बाप मेला तरी तुझा पाय घराला लागला नाही का गं. बसले, ताट आलं. पहिला घास घेतला, मग दुसरा घेतला. जेवून घरी आले. पुढच्या गुरुवारी परत गेले.

काय?… परत बोल.

टेबल राखून ठेवायला सांगू?… रविवारी गर्दी असते म्हणून. हं… आणि बायकांना काही कळता कामा नये. ती आपली आहे हे.

नाही, मला समजून घेऊ दे. पाचजणी जाणार, पोटभर जेवणार, चांगलं झालंय म्हणणार, फोटो काढणार. आणि तू तिची सख्खी मावशी तिथंच बसून भाकरी मोडणार, ओळख न दाखवता… आणि तिनं ओळखलं तर?… मी आधीच सांगून ठेवू, गप्प राहा म्हणून? ते पण मीच सांगायचं?

हो गं, तुझ्या सुनेच्या माहेरचे लोक, हेडमास्तरीणबाई, सगळा गाव. पाच वर्षांपूर्वी तिनं लग्न केलं तेव्हाही हेच होतं. तेव्हा दुसऱ्या बायका होत्या, एवढंच.

बरं, एक काम कर. जा तिथं. टेबलाचं मी सांगते. पण जेवायला बसायच्या आधी तिला एकटीला बाजूला घे आणि एक गोष्ट सांग.

कुठली म्हणजे? हे गेले त्या दिवशी खाली गेटपाशी तू तिला जे म्हणालीस, त्यातली खरी गोष्ट.

अक्का, मला माहीत आहे. झुलेखाबाईंनी सांगितलं, गेल्या महिन्यात. मी जेवत होते, त्या समोर येऊन बसल्या. म्हणाल्या, तुम्ही दर आठवड्याला येता, पोरगी मागं जाऊन रडते, हे किती दिवस चालायचं. मी म्हणाले, बापाला बघायला आली नाही ती. तर त्या म्हणाल्या, आली होती की. शोएब गाडी घेऊन कोपऱ्यावर थांबला होता. तुमच्या मोठ्या बहिणीनं गेटातनंच परत पाठवली.

मग खोटं आहे का? सांग ना. नाही गेलीस तू खाली?

आणि म्हणालीस, तुझा बाप तुला मेली म्हणून गेला. तोंड बघू नको म्हणाला, वर येऊ नको.

मी वर होते. मी तुला विचारलंसुद्धा, कोण आलं होतं गं? तू म्हणालीस, कुणी नाही, दूधवाला. भिंतीला टेकून मी दारावर डोळे लावून बसले होते, आणि तू दूधवाला म्हणालीस.

लोक काय म्हणाले असते… लोक सुतक फिटायच्या आत आपापल्या घरी गेले. मी दीड वर्ष पोटच्या पोरीवर डूख धरून बसले. आणि ती तिकडं बापाचा शाप घेऊन भाकरी थापत होती.

नाही म्हणाले ते तसं. कधीच नाही. चिडले होते, पहिलं वर्षभर नाव काढू देत नव्हते, हे खरं. पण शेवटी… तुला माहीत नाही, तू अजून आली नव्हतीस तेव्हा. शेवटच्या आठवड्यात अन्न जात नव्हतं त्यांना. डॉक्टर म्हणाले, मागतील ते द्या. तर काय मागावं त्यांनी? वर्षीच्या हातची आमटी.

हो, वर्षीच्या. माझ्या नाही.

मी काय करणार? फोन करायचं धाडस नव्हतं, पाच वर्षांपूर्वी तुझं ऐकून दाराला कडी मीच घातली होती ना, माझ्याच हातानं. मीच केली आमटी. वाटीत घालून नेली आणि सांगितलं, तिनं पाठवलीय. वाटीभर खाल्ली अक्का. म्हणाले, मीठ कमी पडलंय, पण हात तिचाच आहे. रविवारी ये म्हणावं. आणि शनिवारी गेले.

ती आली होती त्याच शनिवारी.

रडू नकोस. सून बघेल, तिला काय सांगशील?

नाही, मी तुझ्यावर सगळं ढकलत नाही. माझं मी वेगळं भोगायलेय. पण गेटपाशी जे बोललीस ते तुझं आहे, ते तू परत घे. दोन वाक्यं आहेत. तुझा बाप तसं म्हणाला नव्हता, ते मी म्हणाले होते. एवढंच.

नाही जमणार… बायकांच्या देखत नको म्हणतेस. मी म्हणतेय ना, बाजूला घेऊन… तरी नाही. बरं.

मग तिथं जेवायचं नाही अक्का. तुला त्या आमटीचा घास घ्यायचा हक्क नाही, मी सांगतेय. रावेतला जा, मोठा बोर्ड आहे, गुजराती थाळी, आत एसी. गोडसर असतं सगळं, हेडमास्तरीणबाईंना सोसेल. लिहिलंस?… रा, वे, त. पुढं ताक पण मिळतं.

मी?… मी आज जाणार. गुरुवार कालच झाला, कळतं मला. तरी आज जाणार. महिनाभर मी पण गप्प बसले, आमटी-भाकरी म्हणून उठून आले, आता नाही बसायचं… ऐकेल की नाही काय माहीत. हात धुऊन आत निघून जाईल. मग झुलेखाबाईंना सांगेन, शोएबला सांगेन, बाकड्यावर बसलेल्यांना सांगेन. रविवारी ये म्हणाला होता तिचा बाप, एवढं तिच्या कानावर पडलं पाहिजे.

तुझं नाव?… घेणार की. घेतल्याशिवाय कसं सांगता येईल? गेटपाशी कोण होतं ते तिला माहीतच आहे. खोटं कुणी रचलं ते माहीत नाही…

हॅलो?… अक्का?… हॅलो?

ठेवला.