निकिताचा फ्लेक्स

न्हाई म्हटलं ना, सहादेवराव — न्हाई छापनार मी निकिताचा फ्लेक्स. मशीन? मशीन ठनठनीत हाय, मलाच छापायचा न्हाई. तुमची पोरगी आयर्लंडला शिकायला चालली, लई आनंद हाय, पेढे वाटा की! पन दहा बाय वीस, बसस्टँडसमोर, वर ‘शेवगावची शान’ — कशाला? माझ्या फैयाजचा मीच लावला हुता ना, जर्मनीला गेला तवा? घरचंच दुकान! पोराच्या मागं विमान काय, बर्फाचे डोंगर काय, खाली चाळीस शुभेच्छुक — त्यातल्या निम्म्यांना मी विचारलंबी न्हवतं. आठ दिवस खाजाभाई-खाजाभाई करत गाव चहाला येत हुतं.

मग डिसेंबरात पोराचा फोन — अब्बा, इथं चारलाच अंधार पडतो, दिवसदिवस कुनी बोलत न्हाई, झोप लागत न्हाई, कॉलेजच्या डॉक्टरबाई म्हनतात थोडे दिवस घरी जा. आन मी काय म्हनावं? म्हटलं, फ्लेक्स अजून चौकात हाय, कोनत्या तोंडानं येतोस? पोरगं तिकडं रडतंय आन मला फ्लेक्सची पडलेली! लाज वाटती मला माझीच.

आं? वर? कुनी न्हाई वर. मांजर असंल — बरं, असं बघू नका, मांजर खोकत न्हाई हे मलाबी कळतं.

फैयाज हाय. तीन आठवडे झाले. त्याच्या आईनं, जहिरानं, जेवन सोडलं तवा कुठं मी तिकीट काढलं. पुन्यावरनं आनला, तोंडाला रुमाल बांधायला लावला — स्वतःच्या गावात, स्वतःच्या पोराला! आई वरच ताट नेऊन देती. खिडकी लावून घे म्हटलं, समोर रसवंतीवर लोकं बसत्यात, वर बघत्यात. नगरचे डॉक्टर म्हनतात गोळ्या चालू ठेवा, पन त्याला मानसात बसवा. मानसात! आन मी इथं गिऱ्हाइकाला सांगतोय, फैयाज मजेत हाय, बर्फात फोटो काढतोय. परवा तुमालाबी तेच सांगितलं की. काल मला म्हनला, ‘अब्बा, तिकडं निदान खिडकी तरी उघडता येत हुती.’

उठा आता. चहाबिहा काही न्हाई आज. आन हे बघा, गावात कुनाला यातलं —

न्हाई. सांगा. बसस्टँडवर सांगा, बाजारात सांगा, भेटंल त्याला सांगा — खाजाभाईचा फैयाज घरी आलाय. मला माझ्या तोंडानं सांगायला न्हाई जमत. जावा की, बघताय काय! जावा लवकर, माझं मन फिरायच्या आत.